जोशी आडनावाची नामवंत माणसं: सगळे एकाच घरातले का, आणि यादी करायची तर कशी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की जोशी कुलसंमेलनाच्या स्मरणिकेत "आपले नामवंत जोशी" अशी यादी छापायचीय, काकांनी मुखपृष्ठावर भीमसेन जोशींचा फोटो टाकायचं जवळपास पक्कं केलंय, इंटरनेटवरून गोळा करता करता साठेक नावं झालीत, त्यात शरद जोशी एकाच ओळीत शेतकरी नेते पण आहेत आणि हिंदी व्यंगकार पण, तर हे सगळे खरंच एकमेकांचे कुणी लागतात का आणि यादी नीट कशी करायची.

मी गेली सव्वीस वर्षं नामसूचीचं काम करते. म्हणजे चरित्रं, इतिहासाची पुस्तकं, कोश यांच्या शेवटी बारीक टाइपात व्यक्तिनामांची सूची असते ना, कोण कुठल्या पानावर आलंय त्याची, ती बनवायची. फार कुणी वाचत नाही आणि चुकलं तरच लक्षात येतं असं काम आहे. पण या कामात मला सगळ्यात जास्त घाम कुणी फोडला असेल तर जोश्यांनीच. कुलकर्णी, देशपांडे, पाटील हेही छळतात पण ते निदान महाराष्ट्र-कर्नाटकात तरी राहतात, जोशी मात्र अल्मोड्यापासून गदगपर्यंत सगळीकडे आहेत नि प्रत्येक पिढीत त्यातले पाच-सहा जण नाव काढतात.

तर आधी उत्तर: नाही, एका घराण्यातले नाहीत. तुमच्या साठ नावांतली खरोखर एकमेकांची लागणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

कारण साधं आहे. जोशी हे कुणा मूळपुरुषाचं नाव नाही नि गावाचंही नाही, ते कामाचं नाव आहे. ज्योतिषीचं झिजत झिजत जोशी झालं. जुन्या गावगाड्यात पंचांग सांगणारा, मुहूर्त काढून देणारा, पेरणी कधी नि लग्न कधी ते बघणारा एक माणूस लागायचा, तो ग्रामजोशी, आणि हे जोशीपण वतन म्हणून पिढ्यानपिढ्या चालायचं. आता विचार करा, प्रत्येक गावाला किंवा दोनचार गावांत मिळून एक जोशी असेल तर त्या सगळ्यांचा एकमेकांशी रक्ताचा संबंध असायचं कारणच काय? दोन गावचे पाटील जसे भाऊ नसतात तसे दोन गावचे जोशीही नसतात. त्यामुळे चित्पावनांत जोशी, देशस्थांत जोशी, कऱ्हाड्यांत जोशी, आणि नुसत्या चित्पावनांतसुद्धा चौदा गोत्रांपैकी एकात नाही तर अनेकांत जोशी आहेत. म्हणून तर जोश्यांची मुलगी जोश्यांकडे देता येते. आणि हे फक्त ब्राह्मणांचंच आडनाव असं कुणी म्हणालं तर तेही खरं नाही, भटक्या जमातींच्या सरकारी यादीत कुडमुडे जोशी, मेढंगी जोशी आहेत, दारोदार हिंडून भविष्य सांगणारे, त्यांचं पण काम तेच नि नाव पण तेच. स्मरणिकेत "जोशी कुलाचा इतिहास" असा लेख येणारच, तो "जोशी या कामाचा इतिहास" असा लिहा, मजकूर खराही होईल आणि जास्त रंगेलही.

महाराष्ट्राबाहेर गेलात की तीच गोष्ट. कुमाऊँ डोंगरात अल्मोडा आणि आसपास जोश्यांचं मोठं ठाणं आहे, तिथून कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस पी. सी. जोशी आले, हिंदी कादंबरीकार इलाचंद्र जोशी आले, गीतकार प्रसून जोशी आले, आणि मुरली मनोहर जोशी, दूरदर्शनवरची 'हम लोग' लिहिणारे मनोहर श्याम जोशी यांचीही मुळं तिकडचीच. गुजरातेत कवी उमाशंकर जोशी, ज्ञानपीठ १९६७ चं. नेपाळात नेवार समाजात जोशी आहेत, संस्कृतीचे अभ्यासक सत्यमोहन जोशी त्यातले, शंभरी ओलांडून २०२२ मध्ये गेले. कन्नड मुलखात जोशी तर आहेतच पण त्याच शब्दाचं जोईस असंही रूप आहे, योगवाले पट्टाभी जोईस ऐकले असतील, तेही शब्दाच्या नात्याने जोशीच. ही सगळी नावं तुमच्या यादीत घ्यायची का? घ्या हवं तर, पण "आपले" या शब्दाखाली घेऊ नका.

आता भीमसेन जोशींचा फोटो. काकांचं मन मोडायचं नाहीये मला, पण तुमचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं असं तुम्हीच लिहिलंय आणि पंडितजी जन्मले गदगकडचे, ४ फेब्रुवारी १९२२ चा जन्म, वडील गुरुराज जोशी शाळामास्तर, घरातली भाषा कन्नड. पुण्यात आयुष्य गेलं, सवाई गंधर्व महोत्सव त्यांनी १९५३ पासून उभा केला, अभंगवाणी गायली, त्यामुळे आपल्याला ते इतके घरचे वाटतात की ते कानडी मुलखातले हे विसरायलाच होतं. भारतरत्न मिळालं २००८ साली. फोटो टाकायला कायदा आड येत नाही, पण खाली "आपल्या कुळातील" असं छापलंत तर संमेलनात कुणीतरी चष्मेवाले आजोबा उभे राहून गोत्र विचारणार हे लिहून ठेवा. गंमत म्हणजे त्याच गदगचा आणखी एक जोशी तुमच्या यादीत आहे, क्रिकेटर सुनील जोशी. १९९९ मध्ये नैरोबीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १० ओव्हर, ६ मेडन, ६ रन, ५ विकेट. एकाच आडनावाचे, एकाच गावचे, तरी गाव एक म्हणून नातं जोडायचा मोह आवरा. गाव हा पुरावा नव्हे, गाव हा पत्ता आहे, तिथून पुढे शोध सुरू होतो एवढंच.

माझ्या हातून झालेली एक घोडचूक सांगते, तिच्यातून मी जे शिकले तेच तुम्हाला उपयोगी पडेल. सुरुवातीची वर्षं होती, एकोणिसाव्या शतकातल्या आर्थिक विचारांवरचं एक पुस्तक सूचीसाठी आलं होतं. त्यात जागोजागी जी. व्ही. जोशी. मी म्हटलं हे तर माहितीतले, सार्वजनिक काका, गणेश वासुदेव जोशी, १८७० मध्ये पुणे सार्वजनिक सभा काढणारे, १८७७ च्या दिल्ली दरबारात खादी घालून गेलेले, वासुदेव बळवंतांचं वकीलपत्र घेणारे. सगळी पानं त्यांच्या नावावर टाकून मोकळी झाले. कार्ड (सूची करताना एका माणसाला एक कार्ड असतं) छान भरलं होतं, वीस-बावीस पानांचे आकडे. मग दुसऱ्या वाचनात एका ठिकाणी लेखाची तारीख दिसली आणि पोटात गोळाच आला. काका वारले १८८० साली, आणि हा माणूस त्यानंतर कित्येक वर्षं सभेच्या त्रैमासिकात इंग्रजीत रेल्वे, शेतसारा, अर्थसंकल्प यावर लिहितोय. म्हणजे दोन होते. दुसरे गणेश व्यंकटेश जोशी, रावबहादूर, पेशाने शाळेचे हेडमास्तर, सोलापूरला होते, रानड्यांच्या वर्तुळातले, १९११ पर्यंत जगले, गोखल्यांनी १८९७ मध्ये वेल्बी कमिशनपुढे, म्हणजे हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या ब्रिटिश आयोगापुढे, साक्ष दिली तिच्या तयारीत यांची आकडेवारीची मदत होती. मोठा माणूस. आणि मी त्यांना एका फटक्यात पुसून टाकलं होतं, कारण दोघांचं नाव गणेश, दोघांच्या वडलांचं नाव इंग्रजी 'व्ही'ने सुरू होणारं, दोघांचं आडनाव जोशी, आणि दोघांचा संबंध एकाच सभेशी. कार्ड फाडून दोन केली. तेव्हापासून माझा नियम असा की मराठी माणसाचं इंग्रजी इनिशियल दिसलं की ते उलगडल्याशिवाय कार्ड बनवायचंच नाही. मराठीत लिहिलं असतं तर ग. वा. आणि ग. व्यं. असं सरळ वेगळं दिसलं असतं.

मधलं अक्षर, सगळा खेळ तिथे आहे. आपल्याकडे नाव-वडलांचं नाव-आडनाव अशी पद्धत आहे ती यासाठी फार सोयीची. वामनराव जोशी म्हटलं की कोण? एक वामन मल्हार जोशी, 'रागिणी' कादंबरीवाले, जन्म १८८२. दुसरे वामन गोपाळ जोशी, अमरावतीचे, वीर वामनराव, 'रणदुंदुभी' नाटकवाले, जन्म १८८१. एका वर्षाचं अंतर, दोघंही लेखक, दोघंही इंग्रज सरकारच्या रोषाला पात्र झालेले. "वामनराव जोशी यांनी म्हटले आहे" असं वाक्य जुन्या लेखात आलं की मी अजूनही आधी मागचं-पुढचं पान वाचते, कादंबरीची चर्चा चाललीय की नाटकाची, पुणे की वऱ्हाड, आणि मगच हात लावते.

शास्त्रीबुवांचंही तसंच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, जन्म १९०१, धुळ्याकडचं पिंपळनेर, कर्मभूमी वाई, मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक, साहित्य अकादमीचा मराठीतला पहिला पुरस्कार १९५५ मध्ये यांना. गांधीजींचे चिरंजीव देवदास आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांचं लग्न १९३३ मध्ये पुण्यात लागलं, आंतरजातीय, ते यांनी लावलं. आणि दुसरे महादेवशास्त्री जोशी, जन्म १९०६, गोव्यातलं आंबेडे, भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड यांनी उभे केले. दोघंही शास्त्री, दोघंही जोशी, दोघंही कोशकार. तुमच्या यादीत "लक्ष्मणशास्त्री जोशी (विश्वकोश, संस्कृतिकोश)" असं एकत्र झालंय बघा. दोन कोश, दोन माणसं. एकाच माणसाने दोन्ही केले असते तर तो जेवला कधी असता हा प्रश्नच आहे.

शरद जोशी तुम्ही स्वतःच पकडलंत ते बरं झालं. शेतकरी संघटनेचे शरद जोशी सातारचे, जन्म १९३५, टपाल खात्यात अधिकारी, पुढे स्वित्झर्लंडमध्ये बर्नला आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत नोकरी, ती सोडून चाकणजवळ आंबेठाणला शेती, मग कांद्याचं आंदोलन, उसाचं आंदोलन, "भारत विरुद्ध इंडिया" ही मांडणी, २०१५ ला गेले. व्यंगकार शरद जोशी उज्जैनचे, जन्म १९३१, १९९१ ला मुंबईत वारले, जुन्या दूरदर्शनवरची 'ये जो है ज़िंदगी' त्यांनी लिहिलेली. सर्च केलं की फोटो एकाचा, जन्मतारीख दुसऱ्याची, पुस्तकं दोघांची मिळून असा काला हातात पडतो, आणि मशीनने तयार केलेल्या परिचयात तर उज्जैनचा व्यंगकार कांद्याच्या भावासाठी रस्त्यावर उतरतो. (टपाल खात्याचं आणि जोश्यांचं काहीतरी आहे बरं का, डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान गोपाळरावही टपालातच कारकून होते. याला अर्थ काही नाही, उगाच आठवलं.)

इथे एक वेगळ्या जातीचा खड्डा आहे, तो मराठी माणूसच जास्त खातो. आपल्या सवयीने आपण मधलं नाव बापाचं समजतो. मग मुरली मनोहर जोशी म्हणजे मुरली हा मुलगा आणि मनोहर हे वडील, आणि मनोहर जोशी तर आपले मुख्यमंत्रीच! मी हे विनोद म्हणून सांगत नाहीये, एका हस्तलिखितात खरंच "जोशी, मुरली मनोहर (मनोहर जोशी यांचे पुत्र)" अशी नोंद मी लाल पेनने कापलीय. मनोहर जोशी १९३७ चे, रायगड जिल्ह्यातल्या नांदवीचे, १९९५ ते १९९९ मुख्यमंत्री, नंतर २००२ ते २००४ लोकसभेचे सभापती, २०२४ ला गेले. मुरली मनोहर १९३४ चे, अलाहाबाद विद्यापीठात फिजिक्सचे प्राध्यापक, मग भाजपचे अध्यक्ष, मग मनुष्यबळ विकास मंत्री. म्हणजे "मुलगा" बापापेक्षा तीन वर्षांनी मोठा. उत्तरेत मुरलीमनोहर हे एकच नाव आहे, कृष्णाचं. मनोहर श्याम पण एकच. तेव्हा उत्तरेकडच्या जोश्यांचं मधलं नाव वडलांच्या रकान्यात भरू नका, तो रकाना रिकामा ठेवा.

बाकी राजकारणातल्या जोश्यांत इनिशियलचा कहर आहे. राजस्थानात दोन सी. पी. जोशी आहेत, एक काँग्रेसचे, २००८ ला नाथद्वाऱ्यात अवघ्या एका मताने पडले ते, नंतर विधानसभेचे अध्यक्ष झाले, आणि एक भाजपचे, चित्तोडगढचे खासदार, प्रदेशाध्यक्षही होते. पेपरवाले कसे निभावतात देव जाणे. पी. सी. जोशीही दोन, आणि दोघंही अल्मोड्याकडचे: पूरनचंद जोशी कम्युनिस्ट नेते, १९०७ ते १९८०, यांची पत्नी चितगाव उठावातल्या कल्पना दत्त, आणि दुसरे पूरनचंद्र जोशी, अर्थ-समाजशास्त्रज्ञ, ज्यांच्या नावाची दूरदर्शनवरची समिती १९८० च्या दशकात गाजली. चंद आणि चंद्र! एका 'र'चा फरक, 'ध'चा 'मा' करायलासुद्धा यापेक्षा जास्त कष्ट पडले असतील. आपल्याकडे सुधीर जोशी दोन, एक शिवसेनेचे नेते, मुंबईचे महापौर नि पुढे मंत्री, एक हसवणारे नट. यातले शिवसेनेचे सुधीर जोशी मात्र मनोहर जोशींच्या खरंच नात्यातले. इतक्या "नाही नाही" नंतर एक तरी "हो" मिळालं.

काही जोश्यांचं पूर्ण नाव सांगितलं तर लोकांना ओळखच पटत नाही हेही लक्षात ठेवा. श्रीधर महादेव जोशी म्हटलं तर तुमच्या काकांनाही प्रश्न पडेल, एसेम म्हणा, संयुक्त महाराष्ट्राची सगळी समिती डोळ्यापुढे उभी राहील. नारायण मल्हार जोशी म्हणजे कामगार चळवळीचे ना. म. जोशी, १९११ ची सोशल सर्व्हिस लीग, १९२० ची आयटक ही कामगार संघटना, मुंबईत लोअर परळचा ना. म. जोशी मार्ग रोज तुडवणाऱ्या हजारोंना ते कोण हे ठाऊक नसेल, पण अक्षरं पाठ आहेत. चिंतामण विनायक म्हणजे चिंविं, चिमणराव जन्माला घालणारे, आणि हा माणूस बडोद्याला पालीचा प्राध्यापक होता हे स्मरणिकेत आवर्जून लिहा, लोकांना फार आवडतं. नियम असा करा: आधी लोकांच्या तोंडातलं नाव, मग पूर्ण नाव, मग गाव.

बायकांच्या बाबतीत तुमची यादी फारच गरीब आहे, साठात चार नावं. डॉक्टर आनंदीबाई घेतल्यात, छान. पण त्यांच्या नोंदीत माहेरचं आडनाव लिहिताना तुम्ही प्रश्नचिन्ह टाकलंय, ते काढा. त्यांचं माहेरही जोशीच, कल्याणचे गणपतराव जोशी हे वडील, मुलीचं नाव यमुना, आणि सासर संगमनेरचं जोशी. म्हणजे आडनाव बदललं नाही पण घर बदललं, वर मी म्हटलं ना जोशी ते जोशी सोयरीक होते, त्याचं हे सगळ्यात नावाजलेलं उदाहरण. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, पुढच्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या, बाविशी पुरी व्हायची होती. अमेरिकेतले कागद शोधायला गेलात तर एक टीप देते, तिथे त्यांचं आडनाव शेवटी आय न लावता डबल ई लावून लिहिलेलं आहे, नेहमीच्या स्पेलिंगने काही सापडणार नाही, मी एक अख्खी संध्याकाळ घालवलीय त्यात.

उलट दुसऱ्या आनंदीबाई यादीत नाहीतच, कारण त्या जोशी म्हणून प्रसिद्ध झाल्या नाहीत. देवरुखच्या बाळकृष्ण जोश्यांची मुलगी गोदू, लहानपणी विधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी, भावाचे मित्र धोंडो केशव कर्वे यांच्याशी १८९३ मध्ये पुनर्विवाह, आणि पुढे आनंदीबाई कर्वे. कुलसंमेलन जर कुळाचं असेल तर ज्यांचा जन्म त्या कुळातला त्या मुली आधी यायला हव्यात की नाही? पण याद्या आडनावाने शोधतात नि मुली गळतात, सुना राहतात. अभिनेत्री सरिता जोशी याच्या उलट, मूळच्या मराठी, लग्नाने गुजराती जोशी. पल्लवी जोशींनी लग्नानंतरही आडनाव ठेवलं त्यामुळे त्या आपोआप सापडतात. तुम्ही कुलवृत्तांत, म्हणजे घराण्याच्या वंशावळीचं पुस्तक, काढून लेकींची पानं चाळा, तिथे खरा माल असतो, आणि तो कुठल्याच सर्चमध्ये नसतो.

पुरुषही निसटलेत बरं का. इचलकरंजीचे संस्थानिक घोरपडे ऐकलेत ना, त्यांचे मूळपुरुष नारो महादेव जोशी. कोकणातून आलेला गरीब मुलगा, संताजी घोरपड्यांच्या आश्रयाला राहिला, त्यांच्या घरात वाढला, आणि त्या उपकारापोटी धन्याचंच आडनाव लावलं. त्यांचा मुलगा व्यंकटराव, त्याला बाजीराव पेशव्यांची बहीण अनुबाई दिली. बाजीरावांची दुसरी बहीण भिऊबाई बारामतीकर जोश्यांकडे दिली, आबाजी नाईक जोशी. म्हणजे बघा, पेशव्यांच्या दोन्ही बहिणी मुळात जोश्यांच्याच घरात गेल्या, पण एक घर घोरपडे म्हणून ओळखलं गेलं, दुसरं नाईक म्हणून, आणि तुमच्या साठ नावांच्या यादीत दोन्ही घरं नाहीत. मला विचाराल तर मुखपृष्ठावर टाकण्यासारखी गोष्ट ही आहे, तुमचं कोकणातलं कूळ यांच्यापैकी कुणाशी जुळतं का ते आधी तपासा मात्र, नाहीतर पुन्हा चष्मेवाले आजोबा.

आता प्रत्यक्ष काय करायचं. एक्सेल नको म्हणत नाही मी, पण आधी कागदाची कार्डं करा, एका माणसाला एक, कारण कार्डं टेबलावर पसरून शेजारी ठेवता येतात आणि दोन कार्डं एकाच माणसाची आहेत किंवा एका कार्डात दोन माणसं बसलीत हे डोळ्याला तेव्हाच दिसतं. कार्डावर वर उजव्या कोपऱ्यात जन्म-मृत्यूची वर्षं, मोठ्या अक्षरात. हे सगळ्यात महत्त्वाचं. माझी जी. व्हीं.ची चूक वर्षाने पकडली, मुरली मनोहरांची पण वर्षानेच. मग नाव, वडलांचं नाव (खात्री असेल तरच), मूळ गाव, कर्मभूमी हे वेगळं लिहायचं, भीमसेन गदग पण पुणे, चिंवि पुणे पण बडोदा. गोत्र फक्त कुलवृत्तांतात छापलेलं असेल तरच, कुणी फोनवर सांगितलेलं नको, लोक उत्साहात कुठलंही गोत्र देतात. आणि शेवटी एका ओळीत प्रसिद्धी कशासाठी, एकच ओळ.

मग ढीग दोन करा. एक, ज्यांचं तुमच्या कुलवृत्तांतात पान आहे ते, पाचच निघाले तरी चालतील, ते "आपले". दुसरा, बाकी सगळे, त्याला शीर्षक द्या "आडनावबंधू" किंवा तुम्हाला सुचेल ते, तिथे भीमसेनजी, उमाशंकर, तर्कतीर्थ सगळे मानाने बसवा, फोटोही छापा. काकांची समजूत यातच निघेल, फोटो गेला नाही, फक्त दोन पानं मागे सरकला.

क्रम लावताना आडनाव सगळ्यांचं एकच असल्यामुळे "जोशी" आधी लिहून स्वल्पविराम देत बसू नका, पहिल्या नावानेच अकारविल्हे लावा, आणि एकाच नावाचे दोन आले की जन्मवर्षाप्रमाणे. शरद जोशी १९३१, शरद जोशी १९३५.

आणि प्रूफ. तारखा, इनिशियल, गावं सगळे डोळ्यांत तेल घालून बघतात, पण जोशी हा शब्द कुणी वाचत नाही, तो डोळा आपोआप पूर्ण करतो. माझ्या एका सूचीत चाळीस जोश्यांपैकी एकाच्या जागी जोगी छापलं गेलं होतं, शी चा गी, आणि ते मी, संपादक आणि मूळ लेखक अशा तिघांनी वाचून पास केलं होतं. लेखकाचं आडनाव जोशीच होतं.